शिंक्यातलं तोरंजन

लग्नानंतरची पहिली चतुर्थी सासरी, आचऱ्यालाच करायची असं आमच्या ह्यांनी ठरवलं. एकसष्ट सालचा भाद्रपद. माझं माहेर नागपूरचं, वडील संत्र्यांचे व्यापारी; ह्यांची नोकरीही नागपुरातच. सासूबाईंना मी लग्नात जेमतेम पाहिलेलं. त्यांना मी आवडेन का, एवढी एकच धास्ती घेऊन निघाले.

पावसाळ्यात बोटी बंद, म्हणून कोल्हापूरपर्यंत रेल्वे आणि पुढे एसटी. कोणाला जायचं असेल तर सांगून ठेवते, फोंडा घाटात खिडकीची जागा धरू नका, पाऊस थेट मांडीवर येतो. कणकवलीला गाडी बदलताना गरम भजी मिळाली, तेवढंच सुख. आचऱ्याला उतरेपर्यंत हाडं खिळखिळी झाली होती.

दुसऱ्या दिवशी सासूबाईंनी मला बाजारात नेलं. तिकडे गणपतीच्या डोक्यावर लाकडी चौकट टांगतात, तिला माटवी म्हणतात. तिला फळं-पानं बांधायची.

"लिंबाच्या जातीची फळां तू निवड. तुझो बापूस व्यापारी मां?" सासूबाई म्हणाल्या.

झाली परीक्षा सुरू! संत्र्यांत वाढलेली मी तिथे पार गोंधळले. डोक्याएवढं तोरंजन, म्हणजे आपलं पपनस, खडबडीत महाळुंग, ज्यात गर थोडा आणि सालच फार, शिवाय ईडलिंबं. सगळी हिरवीच. पिकलेलं कुठलं, कच्चं कुठलं, काही कळेना. शेवटी हातात तोलून जड ती उचलली, साल नखाने खरवडून वास घेतला.

"खावक न्हय गो बाय, टांगूक नेतंस मां?" विकणारी म्हणाली. सासूबाईही हसल्या. मला वाटलं, जिंकले.

घरी आल्यावर त्या विहिरीवर गेल्या. तेवढ्यात मी फळं धुतली, पुसली आणि विळीवर सगळ्यांचे देठ सालीलगत उडवले. आमच्याकडे पेटी भरताना तसंच करतात, नाहीतर देठ शेजारच्या फळात रुततो.

सासूबाई केळीचं सोपट, म्हणजे खोडाच्या वाळल्या सालीचे दोर, घेऊन आल्या आणि थबकल्या.

"देंठ खंय गेले गो?"

"काढले, आई. फळ टिकतं."

"आता बांधूचां कशाक?"

फळ टांगायचं ते देठाला सोपट बांधून, हे मला तेव्हा कळलं. बाजार उठलेला. मला रडूच कोसळलं. त्या रागावल्यात की नाही तेही समजेना. त्या खाली बसल्या आणि सोपटाची शिंकी विणू लागल्या.

चतुर्थीला दर्शनाला आलेली शेजारीण वर बघतच राहिली. "ह्यां काय, तोरंजन शिंक्यात?"

"सुनेची रीत आसा," सासूबाई म्हणाल्या. "नागपूरची."

ही थट्टा की पाठराखण? ह्यांना विचारलं, तर म्हणाले, "आयेच्या मनातलं मलाच अजून कळत नाही." विसर्जनानंतर त्याच तोरंजनाच्या फोडी साखर लावून खाल्ल्या, आंबटगोड आणि किंचित कडसर. मोठी फोड सासूबाईंनी माझ्या हातावर ठेवली.

नागपूरला परतल्यावर घाट, समुद्र, सगळं मागे पडलं. 'सुनेची रीत आसा' हे वाक्य मात्र वर्षभर डोक्यात घोळत राहिलं. पुढच्या चतुर्थीला ह्यांना रजा मिळाली नाही. नंतर सासूबाईंनी गावातल्या मास्तरांकडून लिहून घेतलेलं कार्ड आलं, माझ्या नावाने:

"यंदा तोरंजनाला देठ चांगला लांब होता. तरी शिंक्यातच टांगले."