सहा पडले की सहा रात्री

कापडावर खडूची रेघ मारताना टेलरमास्तर कधी घाई करत नसत. पण आपल्यावर अन्याय झाल्याची नुसती शंका आली, की आधी बोंब मारायची आणि मोजमाप मागाहून घ्यायचं, हा त्यांचा घरातला खाक्या. या खेपेला बोंब भांड्यांवरून होती.

त्यांच्या बायकोने उतारवयात समूहगायनाचा वर्ग लावला होता. वर्ग रात्री जेवणानंतर, म्हणजे नेमका भांडी घासायच्या वेळेला. "आता पाळी लावू या," ती म्हणाली, तेव्हा मास्तरांनी आधी बोंब मारली. मग त्यांनी डोकं लढवलं आणि जुन्या सापशिडीतला फासा शोधून काढला. नियम त्यांचाच. जेवण झालं की फासा टाकायचा. एक ते पाच काहीही पडलं, तर त्या रात्रीची भांडी मास्तरांची. सहा पडले, तर ती रात्र धरून सलग सहा रात्री बायकोच्या, आणि तोवर फासा टाकायचा नाही. एकदा सहा पडले की जवळजवळ आठवडाभर आराम, या विचाराने मास्तर स्वतःवरच खूश झाले.

पण सहा काही पडायला तयार नव्हते. दोन आठवडे मास्तर रोज घासणी घेऊन उभे आणि बायको केसांवरून कंगवा फिरवून वर्गाला रवाना. त्यांनी डाव्या हाताने फासा टाकून पाहिला, फुंकर मारून पाहिली, एक दिवस तर फासा दुकानात नेऊन कात्रीशेजारी ठेवला. शेवटी रविवारी लेक भेटायला आली. ती शाळेत गणित शिकवायची. मास्तरांनी तिच्यापुढे गाऱ्हाणं मांडलं.

"सहातल्या पाच वेळा मीच हरणार. हा काय न्याय झाला? खेळ अन्यायाचा ठरला तर बंद करायचा. तू सांगशील ते मला मान्य."

बायकोचा चेहरा उतरला. वर्गात आता कुठे तिला पुढच्या रांगेत उभं केलं होतं. खेळ बंद म्हणजे वर्गही बंद, हे तिला कोणी सांगायला नको होतं.

"बाबा," लेक म्हणाली, "दिवसभरात पाच रुमालांच्या कडा शिवल्या आणि एक कोट शिवला, तर काम कशाचं जास्त?"

"हे काय विचारणं झालं? कोटाचं."

"मग इथे नुसतं कितीदा हरलो ते कशाला मोजता? रात्री मोजा. सहा वेळा फासा टाकला, तर साधारण पाच वेळा तुमची एकेक रात्र. झाल्या पाच. एकदा सहा पडतील, तेव्हा आईच्या एकदम सहा. याच आठवड्यात पडतील असं नाही, पण वर्षानुवर्षं खेळलात तर हिशेब तिकडेच जाणार."

मास्तरांनी जोरात मान हलवली, मग मध्येच थांबवली. "म्हणजे खेळ अन्यायाचाच ना?"

"अन्यायाचाच. पण आईवर. बरोबरी हवी, तर सहा पडल्यावर तिच्या पाचच रात्री धरायला हव्यात."

मास्तरांचा चेहरा एरंडेल प्यायल्यासारखा झाला. शब्द दिलेला, आता मागे कसा घेणार? पाच तर पाच.

"आणि हा खेळ सुरू व्हायच्या आधीचं काय गं?" बायकोने सहज विचारलं.

"तेव्हा फासाच नव्हता, आई. सगळ्या रात्री तुझ्याच."

आपल्याला दोन आठवडे जड गेले, आणि हिने अख्खा संसारभर चकार शब्द काढला नव्हता. मास्तरांना मनापासून लाज वाटली.

जेवणं झाली. मास्तरांनी फासा टाकला. सहा पडले.

बायको निमूटपणे उठली आणि सिंककडे निघाली. मास्तर तिच्या आडवे आले.

"आजची मी घासतो. तू जा वर्गाला."

"अहो, पण सहा पडलेत."

"पडू देत."

त्यांचं मन बदलायच्या आत तिने पायात चपला अडकवल्या आणि जिना उतरलीसुद्धा. मास्तरांनी बाह्या सरसावून कढई हातात घेतली. जरा वेळाने त्यांनी आतूनच विचारलं, "अगं, ही आजची रात्र तिच्या पाचांत धरायची, की पाच उद्यापासून मोजायच्या?"

लेक दारात येऊन उभी राहिली.

"बाबा," ती म्हणाली, "कढईची खालची बाजू राहिली."