नाव विचारणारं फोल्डर

रविवारी आमच्या वाडीच्या गोदामातल्या कॉम्प्युटरांवर नवी सिस्टीम चढवली आणि सोमवारी बिल्ट्यांचं शेअर्ड फोल्डर एकाही टेबलावर उघडेना. बिल्टी ही ट्रकमधल्या मालाची पावती; तिच्याशिवाय माल हलत नाही, त्यामुळे बाहेर भरलेले ट्रक खोळंबले आणि ड्रायव्हर मला, म्हणजे बिल्टी बनवणाऱ्या कारकुनाला, शिव्या घालू लागले. मालकांनी कुणाला तरी फोन केला आणि त्या कुणीतरी हा मेकॅनिक पाठवला.

हेल्मेट काढायच्या आधी त्याने चहा सांगितला. मग प्रत्येक कॉम्प्युटर बंद करून चालू केला, आणि दर वेळी डोळे मिटून घेतले. आम्हीही सकाळपासून हेच केलं होतं, पण डोळे उघडे ठेवून. तिथेच चुकलं असावं.

तासाभराने तो हसला. "तुमच्या फोल्डरले पासवर्डच नाही ना जी! जुनी सिस्टीम कोणालेही आत घेत होती. नवी म्हणते, आधी नाव सांग, मंग आत ये."

त्याने पासवर्ड लावला आणि फोल्डर उघडलं. मालकांनी लगेच खडू घेऊन तो पासवर्ड भिंतीवर, ट्रकांच्या नंबरांखाली, ठळक लिहून टाकला.

भिंतीकडे बघत तो म्हणाला, "शेठ, मंग मी काय करून राहिलो होतो इथं?"

मालकांच्या अकलेवर मी दिवसभर हसलो. संध्याकाळी त्यांनी विचारलं, "त्या मेकॅनिकचं नाव काय होतं गा?"

मला ठाऊक नव्हतं. सकाळी सगळे कॉम्प्युटर उघडून त्याला माझ्या खुर्चीवर मात्र मीच बसवलं होतं.