गुर्जींच्या गाडीला कोणती बॅटरी?

बॅटरीच्या दुकानात किस्से फार साचतात. कारण साधं आहे, चार्जिंगला लावलेली बॅटरी कुणासाठी घाई करत नाही. हिंगोलीत आमच्या दुकानात आलेलं गिऱ्हाईक बाकड्यावर बसायचं, चहा प्यायचं आणि बोलायला लागायचं. मी अन् करीमचाचा, दोघं भागीदार. चाचा बॅटऱ्या खोलायचे, मी गिऱ्हाइकाचं ऐकायचो. ऐकलेलं निम्मंशिम्मं विसरलो, पण खिल्लारे गुर्जींच्या गाडीचं काही विसरता येत नाही.

खिल्लारे गुर्जी म्हणजे कनेरगाव नाक्याकडच्या एका खेड्यातले रिटायर हेडमास्तर. मला चौथीला होते. आता गुडघे गेलेले, आणि शेत घरापासून पाच-सहा किलोमीटर. मुलगा सिद्धार्थ पुण्यात कंपनीत इंजिनिअर. कंपनीनं भंगारात काढलेली गोल्फची गाडी त्यानं टेम्पोत घालून बापाला पाठवली. बॅटरीवर चालणारी, आवाज नाही, धूर नाही. फक्त बॅटऱ्या मेलेल्या, म्हणून टेम्पो आधी आमच्या दारात आला.

चाचांनी विचारलं, "गुर्जी, ये गोल्फ क्या होता?"

"लांब काठीनं गोळी मारायची, अन् ती कुठं पडली ते बघायला या गाडीत बसून जायचं."

चाचा गाडीभोवती एक चक्कर मारून आले. "ढूंढनाच है तो मारते कायको?"

*

पहिल्यांदा आम्ही ट्रकच्या तीन बॅटऱ्या टाकल्या. गाडीला छत्तीस व्होल्ट लागतात, बारा त्रिक छत्तीस, काम बराबर! गाडी अशी सुटली की गुर्जींची टोपी दुकानातच राहिली. पण दीड महिन्यात बॅटऱ्या बसल्या. ट्रकची बॅटरी इंजिनाला एक जोरदार झटका द्यायला असते, तासन् तास राबायला नाही. हे आम्हाला ठाऊक नव्हतं असं नाही. पण दुकानात त्याच पडून होत्या, आणि दुकानदाराचं डोकं आधी पडून राहिलेल्या मालाकडं जातं.

गुर्जी म्हणाले, "गंगाधर, तू शाळेतबी पाठ झालेलंच उत्तर लिहायचास. प्रश्न कोणता का असंना!"

*

मग इन्व्हर्टरच्या ट्युब्युलर बॅटऱ्या घेतल्या. प्लेटा जाड, करंट हळूहळू आणि जास्त वेळ देणाऱ्या, या कामाला अगदी योग्य. फक्त उंच. वरची सीट बंदच होईना! सुताराकडून सीट वीतभर उचलून घेतली. गुर्जी बसले, तर पाय ब्रेकला पोचेनात.

"आता थांबायचं कसं, गुर्जी?" मी विचारलं.

"थांबायची काळजी तू करू नको. ती आपली आपण थांबते!"

शेवटी पेडलवर लाकडाचे ठोकळे बसवून दिले.

*

आम्ही हसलो खरं, पण गोष्ट हसण्यासारखी नव्हती. नव्या बॅटऱ्यांवरही गाडी शेतात जायची आणि येताना वाटेत बंद पडायची. एकदा गुर्जी भर उन्हात दोन तास रस्त्यात बसून होते. ते पुण्याला कळलं. सिद्धार्थनं फोनवर निक्षून सांगितलं, "दिवाळीच्या सुट्टीत येतो. माझ्यासमोर गाडी शेतात जाऊन घरी आली तर राहा गावात. नाही आली तर माझ्यासोबत चला."

गुर्जी हे सांगायला दुकानात आले. "चौथ्या मजल्यावर घर हाय त्याचं. खिडकीतून नुसत्या दुसऱ्या खिडक्या दिसतेत. मी न्हाई जगायचो रे तिथं." मला फार वाईट वाटलं.

*

चाचांना काही कोडं सुटेना. लोडशेडिंगमुळं चार्जिंग अर्धवट होतं, तेवढं धरूनही गाडीनं आरामात जाऊन यायला पाहिजे. पाणी बघितलं, वायरी बदलल्या, टायरात हवा भरली. तरी तीच तकलीफ. एक दिवस आम्ही मोटारसायकलवर गाडीच्या मागं मागं गेलो.

गावाबाहेर शेवंताबाई डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन चालली होती. गुर्जींनी गाडी थांबवली. "बस गं." पुढं शाळेतून येणाऱ्या तीन पोरी बसल्या. मग एक म्हातारा, शेळीसकट! शेत येईपर्यंत माणसं सहा झाली होती.

"गुर्जी," चाचा मागून ओरडले, "ये दो आदमी की गाडी है!"

"मग काय करू? माणूस पायी चालून राहिला अन् मी त्याच्या बाजूनं रिकामी गाडी काढू? असं करतेत का आपल्यात?"

चाचांनी हात जोडले. "लडका आएगा उस दिन तरी किसी को मत लो." गुर्जींनी कशीबशी मान हलवली.

*

दिवाळीत सिद्धार्थ आला. न जाणो एखादी वायर सुटली तर, म्हणून आम्ही दोघंही गेलो. गुर्जी चालवायला, मुलगा शेजारी. गावाला सगळं कळलेलं होतं. गाडी दिसली की लोक तुरीत शिरत! शेवंताबाई भाऱ्यासकट बांधाआड बसली. शेळीवाला म्हातारा पाठ फिरवून उभा राहिला. गाडी शेतात गेली, फिरली आणि कुठंही न थांबता घरी आली. चाचांनी मला मिठीच मारली.

सिद्धार्थ खाली उतरला तो पडलेल्या चेहऱ्यानं. "गाडी चालते, बाबा. पण येताजाता एक माणूस तुमच्याशी बोललं नाही. तुम्हाला बघून लोक तोंड फिरवतात. अशा गावात तुम्हाला एकटं ठेवू मी? बॅग भरा."

गुर्जींनी गाडी वळवली आणि परत रस्त्याला लागले. सिद्धार्थ मागं पळाला, त्याच्या मागं आम्ही. बांधाजवळ गाडी थांबली.

"शेवंता, ऊठ. बस गाडीत."

"न्हाई गुर्जी, आमाला चालायचंच हाय."

"बस म्हणतो ना!"

ती बसली. मग तुरीतून एकेक जण बाहेर आला. म्हातारा शेळीसकट चढला. ओढ्याच्या चढावर गाडीनं मान टाकली. सगळे उतरून ढकलायला लागले, सिद्धार्थसुद्धा. शेवंताबाई तेवढी भारा धरून वर बसून होती.

"ढकल बाबा, ढकल," ती त्याला म्हणाली. "पुण्यात कुठं मिळतंय असलं काम!"

दुसऱ्या दिवशी पुण्याची एसटी धरायच्या आधी सिद्धार्थ दुकानात आला. एकटाच. बॅग खाली ठेवून बाकड्यावर बसला.

"सीटखाली अजून जागा आहे का?" त्यानं विचारलं. "सहा माणसं, एक शेळी आणि चाऱ्याचा भारा, असं धरून बॅटरी सांगा."