ड्रायव्हरच्या वहीतली झुइकाकू

अन्याय झाला तो पासलीच्या वरच्या अंगाला राहणाऱ्या एका बाईवर. गेल्या मार्गशीर्षातला दुसरा गुरुवार, सकाळचे दहा. कळा सुरू झाल्या, अ‍ॅम्ब्युलन्स आली नाही आणि विंझरच्या अलीकडं, भाताची पोती वाहणाऱ्या टेम्पोत ती बाळंत झाली. दोघं वाचली ती शेजारी बसलेल्या सासूमुळं. सरकारमुळं नाही.

दुसरा अन्याय त्यानंतरच्या सोमवारी झाला. तो मी केला. एका ड्रायव्हरवर, आणि तोही छापून.

मी संघटनेची पत्रकं लिहिते. शिकवण एवढीच: पहिल्या ओळीत अन्याय कुणावर झाला, दुसऱ्या ओळीत कुणी केला, मग मागणी. उद्गारचिन्हांना हात आखडायचा नाही. आणि आमच्यात एक रीत आहे. ज्याच्याविरुद्ध लिहायचं त्याला छापायच्या आधी भेटायचं नाही. तो चहा पाजतो, अडचणी सांगतो, पत्रकाची धार जाते. मला ही रीत फार पटायची.

आमच्या खोऱ्यात दोन आरोग्य केंद्रं आहेत, एक वरचं, एक खालचं. नावं मुद्दाम घेत नाही. शुक्रवारी मी वरच्या केंद्राच्या फाटकातून डोकावले. अ‍ॅम्ब्युलन्सच्या सावलीत खुर्ची टाकून ड्रायव्हर बसलेला, मांडीवर वही, हातात रंगीत पेन्सिल. जहाजाचं चित्र रंगवत होता. मला आणखी काय हवं होतं? तशीच माघारी वळले. सोमवारी भोरच्या एसटी स्टँडपासून सारोळ्याच्या पुलापर्यंत पत्रक चिकटलं: ‘बाई टेम्पोत बाळंत, ड्रायव्हर चित्रं रंगवण्यात दंग! हकालपट्टी करा!’

आठवड्याभरात त्याला ‘कारणे दाखवा’ नोटीस गेली. कंत्राटी माणूस, सात दिवसांत उत्तर, नाहीतर घरी. आम्ही पेढे वाटले नाहीत, पण वाटायच्या बेतात होतो. पुरावा भक्कम करावा म्हणून मी वहीचा फोटो काढायला पुन्हा वरच्या केंद्रात गेले.

“या ताई, जय भीम,” तो म्हणाला. पन्नाशीचा माणूस, चष्मा दोऱ्यानं बांधलेला. “तुमीच ना पत्रक लिहिलं ते? अक्षरं झ्याक मोठी छापली. मला चष्म्याबिगर वाचता आली.”

मी म्हटलं, “काका, वही दाखवा.”

“दाखवतो की. पण चूक हाय तुमची त्यात. नुसतं जहाज न्हाई ते. विमानवाहू जहाज हाय. जपानचं.”

दोनशे पानी वही, दुरेघी. मला वाटलं होतं आत नुसती चित्रं असतील. चित्रं थोडीच होती. बाकी पानोपानी चौकोन आणि चौकोनांना जोडणाऱ्या रेघा. कुणाच्या हाताखाली कोण, कोणतं जहाज कुणाच्या जोडीला. आता, संघटनेच्या माणसासमोर रचनेचा तक्ता ठेवला की त्याला राहवत नाही. मी फोटो काढायचं विसरले आणि खाली पायरीवर बसले.

“हे कुठून काढलं तुम्ही?”

“मोबाईलवर एकदा बघितलं, विमान जहाजावर उतरतं कसं. समदी उतरण्याचंच कौतुक करत्यात. मला वाटलं, जहाज गॅरेजला गेलं तर पायलटनं करायचं काय? पायलट म्हंजे ड्रायव्हरच की वो. मग बसलो शोधत. हितं दुसरं काम काय हाय?”

हे शेवटचं वाक्य मी मनात टिपून ठेवलं, पत्रकासाठी.

तो बोटानं दाखवत गेला. आधी जपानची विमानवाहू जहाजं वेगवेगळ्या ताफ्यांत विखुरलेली होती. १९४१ साली ती एकत्र आणून पहिला हवाई ताफा केला. दोन-दोन जहाजांची एक तुकडी. आकागी आणि कागा, सोर्यू आणि हिर्यू, शोकाकू आणि झुइकाकू. शेकडो विमानं एका झेपेत सोडता येतील अशी बांधणी तोवर कुणाकडं नव्हती.

“ह्या शेवटच्या दोघी काकू माझ्या,” तो म्हणाला. “सख्ख्या बहिणी. बघा हां आता.”

प्रत्येक जहाजाचा स्वतःचा विमानांचा गट. गटाला जहाजाचंच नाव, वर हुकूम जहाजाच्या कप्तानाचा. वैमानिक त्या जहाजाचा म्हणजे त्याचाच. मे १९४२ मध्ये कोरल समुद्रात अमेरिकेशी लढाई झाली. शोकाकूवर बॉम्ब पडले, ती दुरुस्तीला गेली, तिचे काही वैमानिक मात्र शाबूत. झुइकाकूला ओरखडा नाही, पण तिची विमानं आणि वैमानिक निम्म्याच्या आसपास गेलेले. पुढच्याच महिन्यात मिडवेची मोठी लढाई होती.

“मग? शोकाकूचे वैमानिक झुइकाकूवर चढवायचे,” मी म्हटलं. “सोपं आहे.”

“तुमाला सोपं हाय. मला बी सोपं हाय. त्यांना न्हाई जमलं. ह्यांचा गट तो ह्यांचा, त्यांचा तो त्यांचा. झुइकाकू धडधाकट असून बंदरात उभी. बाकीच्या चौघी गेल्या मिडवेला, चारी बुडाल्या.”

“आणि अमेरिका?”

“त्यांची यॉर्कटाउन त्याच कोरलच्या लढाईत फुटलेली. तीन दिवसांत ठिगळं मारली, दुसऱ्या जहाजाची विमानं तिच्यावर घातली आन् धाडली. बुडाली ती बी, पण जाऊन बुडाली.”

मला राग आला. “काका, दुसऱ्याच्या देशावर बॉम्ब टाकणारी जहाजं ही. कौतुक कसलं करताय?”

“कौतुक कोण करतंय? बुडाली ते बरंच झालं. मला येवढंच बघायचंय, चालू गाडी कुणाच्या सहीनं उभी ऱ्हाती.”

चालू गाडी म्हणाला तेव्हा मी पहिल्यांदा त्याच्या मागच्या अ‍ॅम्ब्युलन्सकडं नीट पाहिलं. चाकांभोवती गवत वाढलेलं. गवताआड विटा होत्या. गाडी विटांवर उभी होती. फाटकातून मला गवत दिसलं होतं, विटा नाही.

“ही चालत नाही?”

“गेअरबॉक्स पावसाळ्यात काढून नेला, तो गेलाच. खालच्या केंद्रातली गाडी ठणठणीत हाय, पण तिला दिवाळीपास्नं ड्रायव्हर न्हाई. मी तीन अर्ज दिले, मला ती चालवू द्या म्हणून. उत्तर आलं, आपली नेमणूक सदर वाहनावर आहे.” त्यानं विटांकडं हात केला. “हे सदर वाहन.”

“आणि त्या गुरुवारी?”

त्याला हे सांगायचं नव्हतं. वही मिटून, पुन्हा उघडून मग बोलला. “फोन आला तसा मोटरसायकल काढून खाली गेलो. किल्ली मागितली. तिथले म्हणले, ऑर्डर दाखवा. म्या म्हणलं, बाई अडलीया. म्हणले, वाटंत काय झालं तर जबाबदार कोण? मी दारातच हुबा ऱ्हायलो. थोड्या वेळानं टेम्पो म्होरनं गेला. आतून बाईचं वरडणं ऐकू आलं.”

मी वहीतल्या त्या चौकोनांकडं पुन्हा पाहिलं. तोच म्हणाला, “मी शोकाकूचा पायलट, ताई. झुइकाकू खाली शेडमध्ये हाय, धुऊनपुसून ठेवलेली.”

“पुढं काय झालं जपानचं?” मी विचारलं. खरं तर मला वहीच्या आड लपायचं होतं.

“१९४४ला नियम बदलला. गट जहाजापास्नं सोडवले, नंबर दिले, आता कंच्या बी जहाजावर चढा. पर तवर शिकलेले पायलट उरले किती?”

त्याची नोटीस पाहिली. सोबत पुरावा म्हणून जोडलेला एकच कागद होता. आमचं पत्रक.

दुसऱ्या दिवशी मी संघटनेत सांगितलं, पत्रक मागं घ्यायचं. “आपण पत्रक मागं घेत नाही,” असं ऐकवलं गेलं. म्हणून एकटीनंच, पत्रक चुकीचं होतं असं माझ्या सहीनं लिहिलं आणि तो कागद घेऊन तालुक्याला गेले. नोटीस काढणाऱ्या साहेबांनी कागद वाचला, बाजूला ठेवला. “मॅडम, तुमचं एकटीचं मत बदललं. लोकांत रोष आहे त्याचं काय? गावोगाव लागलंय की. परवा येताना मीच वाचलं.”

लोकांचा रोष! तो मी सोमवारी बादलीभर खळ करून चिकटवला होता.

उत्तराची मुदत संपायला चार दिवस आहेत. त्या माणसाची नोकरी गेली तर खालची गाडी चालवायलाही कुणी उरणार नाही. भोरमधली पत्रकं मी काढली, विंझरची काढली. सगळी माझ्या एकटीच्यानं निघायची नाहीत.

म्हणून हे वाचणाऱ्या तुम्हाला सांगते. वाटेत कुठं ते पत्रक दिसलं, थांब्यावर, पुलाच्या कठड्यावर, दुकानाच्या फळीवर, तर फाडा. फाडलेले तुकडे माझ्याकडं आणून द्या, मला ते साहेबांच्या टेबलावर ओतायचे आहेत. आधी पाणी लावा. खळ घट्ट आहे, नखानं निघत नाही.