रांजणातला दिवा

आमच्या वाडीत बानाबाईला कुणी आपण होऊन चुलीपाशी बोलवत नाही. बाई वाईट म्हणून नव्हे. ती आत आली की आधी चुलीत डोकावते, आणि भाकरी झालेल्या असतील तर कुणाला न विचारता तांब्याभर पाणी निखाऱ्यांवर ओतते. फस्सकन राख उडते, घरभर धूर होतो आणि घरधनीण कपाळावर हात मारून घेते. चुलीत पाणी ओतू नये, घराची लक्ष्मी जाते, हे आमच्याकडं पोरीला चालता यायच्या आधी शिकवतात. विस्तव राखेखाली झाकायचा आणि सकाळी ती राख घमेल्यात भरून उकिरड्यावर टाकायची, ही रीत.

माझी पिठाची गिरणी तिच्या दारासमोर आहे, त्यामुळं तिच्याबद्दल मला जरा जास्तच माहीत आहे. मी बिडी पेटवली की ती अंगणातून ओरडते, "बद्री, थोटूक चिरड!" मी चिरडतो आणि वर पाणीही टाकतो. साठी उलटलेल्या बाईशी रोज कोण हुज्जत घालणार?

ती या रीतीवर उठली त्याला कारण आहे. लग्न होऊन ती इथं आली तेव्हा सासऱ्याची मेंढरं होती. एका उन्हाळ्यात रीतीनंच टाकलेल्या राखेत एक निखारा जिवंत राहिला. दुपारी वारं सुटलं. उकिरडा धुमसला, त्याला लागून असलेली कापसाच्या वाळक्या पऱ्हाट्यांची गंज पेटली, गंजीवरून मेंढरांचा वाडा आणि वाड्यामागचा डोंगर. कोकरं आतच होती. राख कुणाची, असं कुणी विचारलं नाही, कारण त्या सकाळी सगळ्यांनीच टाकली होती. मेंढरं गेली ती गेलीच. तिचा नवरा बिरू मजुरीला लागला, पुढं केव्हातरी शेरडं आली. बिरू आता नाही. शेरडं आहेत, मुलगा भारत आहे, सून अंबिका आहे.

होळी झाली की बानाबाई विळा घेऊन निघते. वाडी आणि डोंगर यांच्यामधलं वाळलेलं गवत कापून ती बैलगाडी जाईल एवढा पट्टा उघड्या मातीपर्यंत साफ करते. आधी एकटीच करायची आणि लोक हसायचे. आता बाया सोबत जातात, निम्म्या तरी तिच्या तोंडाच्या धाकानं. वाडीतले म्हातारे अजून म्हणतात, डोंगर जाळला की हिरवा कोंब लवकर फुटतो. त्यांना ती म्हणते, "व्हय, फुटतो की. तवर शेरडं काय तुमच्या मिशा खातील?" वणवा दिसला की धडधाकट माणसानं घरात थांबायचं नाही, हा नियमही तिचाच. पळसाची ओली फांदी घेऊन सगळ्यांच्या पुढं तीच पळते.

अशा बाईच्या घरात या चैत्रात अखंड दिवा लागला.

अंबिकेच्या लग्नाला बरीच वर्षं झाली, पण मूल नाही. सोयगावचा दवाखाना झाला, संभाजीनगरचे मोठे दवाखाने झाले. शेवटी तिच्या आईनं, फुलंब्रीच्या मुक्ताबाईनं, नवस सांगितला. चैत्रात देवापुढं नऊ दिवस दिवा ठेवायचा आणि तो एकदाही विझू द्यायचा नाही. विझला तर नवस मोडला, आणि मोडलेला नवस पुन्हा बोलता येत नाही. अंबिकेची सगळी आशा आता त्या एका वातीवर होती, हे वाडीतल्या सगळ्यांना दिसत होतं.

घोटाळा जागेचा होता. भाव चढेल म्हणून भारतनं कापूस विकला नव्हता. मधल्या खोलीत तो आढ्याला टेकला होता. आमच्याकडं तशी घरं पुष्कळ आहेत. माणसं ओसरीत झोपतात आणि कापूस घरात. देवाची देवळी त्याच खोलीत, कापसापासून हातभर अंतरावर.

"अंबिके, दिवा हितं नको," बानाबाई पहिल्याच दिवशी म्हणाली.

"देवाचा दिवा हाये, आत्याबाई. तो कुणाचं घर जाळीत नाय."

"आगीला देव कळत नाय, पोरी."

भारतला विचारलं तर तो म्हणाला, कापूस बाहेर काढला आणि अवकाळी आला तर? बायको आणि आई यांच्यामध्ये सापडलेला माणूस आभाळाकडं बोट दाखवतो, तसं त्यानं दाखवलं.

दोन दिवस बानाबाई उंबऱ्यात बसून दिव्यावर नजर ठेवून होती. तिसऱ्या दिवशी अंबिका पाण्याला गेली आणि बाईनं फुटका रांजण अंगणात आणून आडवा केला. भोवतीची काडी-काटकी झाडून जमीन सारवली. मग पेटती समई दोन्ही हातांत धरून, पदराचा आडोसा करून, पावलापावलानं बाहेर आली आणि ती रांजणात ठेवली. मागून ताटात देव आणले. मी गिरणीच्या दारातून बघत होतो. ज्योत एकदा आडवी झाली तेव्हा मीही तिथूनच हातांचा आडोसा धरला.

अंबिका आली. देव अंगणात आणि दिवा रांजणात बघून तिनं हंडा खाली आदळला.

"मोडला का माझा नवस?"

"नाय मोडला. इझला नाय दिवा. देवाची शप्पथ."

"तुमच्या शपथीला काय जाळू? उभ्या गावाच्या चुली इझवल्या तुमी, आता माझा दिवा राहिला व्हता!"

ती बोलू नये ते आणखी पुष्कळ बोलली आणि दुपारच्या एसटीनं माहेरी गेली. नवस मोडलाच असं धरून गेली. बानाबाईनं समईत तेल घातलं आणि रांजणापाशी बसली.

मग ती तिथून उठेना. वात संपत आली की पहिलीवरून दुसरी लावायची, वारं वळलं की रांजणाचं तोंड फिरवायचं. भारतनं शेरडं चारायला न्यायची आणि येताना तेल आणायचं. आंघोळीला गेली तर तेवढा वेळ पारूबाई नावाच्या शेजारणीला बसवायची आणि ओल्या केसांनीच परत यायची. लोकांना चेष्टेला विषय मिळाला. "काय बानामावशी, यावर पाणी कधी ओतता?" ती हसायची सुद्धा. पण रात्रंदिवस बसून तिचे डोळे आत गेले होते.

सातव्या दिवशी दुपारी वरच्या अंगाला कुणीतरी शेताचा बांध पेटवला. पेरणीआधी बांध जाळायची सवय आमच्या लोकांची जात नाही. घरी जेवायला यायचं आणि आग आपोआप विझेल असं समजायचं. वाऱ्यानं ती आग गवतात नेली. धूर दिसताच पारूबाई फांद्या घेऊन धावत आली. "मावशी, चला! डोंगर पेटला!"

बानाबाई उठली. फांदी हातात घेतली. चार पावलं गेली आणि थांबली. रांजणात ज्योत फडफडत होती.

"मी बसतो दिव्यापाशी," मी म्हणालो.

"धडधाकट माणसानं मागं नाय राहायचं, बद्री." आणि तिनं तिची फांदी माझ्या हातात दिली. "पट्ट्याच्या अलीकडं थांबा. वर चढू नका. वाऱ्याच्या तोंडाला उभं राहू नका. नाल्याकडच्या टोकाला चार माणसं धाडा." एवढं सांगून ती खाली बसली.

खरं सांगतो, मला तिचा राग आला. तिची शेरडं वर्षभर त्याच डोंगरावर जगतात, आणि ही बाई एका वातीसाठी पाठ फिरवून बसली. तिच्या आरडाओरड्याशिवाय आमचा गोंधळ झाला. नाल्याकडं माणसं उशिरा पोचली आणि तिथली पळसाची झाडं गेली. पण पट्ट्यापाशी आग अडली. तिथं जळायला काही नव्हतंच. उरलेली आम्ही फांद्यांनी झोडपून काढली.

संध्याकाळी काळ्या तोंडानं परत आलो. तिनं आधी विचारलं, "कुणी भाजलं का?"

"नाय."

"गवत?"

"सगळं गेलं, आई," भारत म्हणाला. "काडी राहिली नाय."

तिनं मान डोलावली. डोळ्यांना पदर लावला. धुराचं निमित्त नव्हतं, धूर आमच्या अंगाला होता. मग तेलाची बाटली पुढं ओढली.

भारतनं बायकोला फोन केला असणार, कारण दुसऱ्या दिवशी अंबिका आली. सिल्लोडला गाडी बदलून, उन्हाची. एसटीतून उतरल्यावर काळा डोंगर तिला दिसलाच असेल. ती अंगणात येऊन उभी राहिली. रांजणात दिवा जळत होता.

"एकदा बी नाय इझला?"

"नाय."

"आन् तुमी वणव्याला गेल्या नाय?"

"नाय."

"आपलं समदं गवत गेलं, आत्याबाई."

"गवत मिरगाला पुन्यांदा येतंय," बानाबाई म्हणाली. "तुजा नवस कुठून आणला असता म्या?"

अंबिका उभ्या जागी रडायला लागली. मोठ्यानं, लाज न धरता. मग नाक पुसून सासूच्या शेजारी मातीत बसली आणि तेलाची बाटली तिच्या हातातून काढून घेतली.

"निजा तुमी. मी बसते."

"वारं वळलं तर तोंड फिरव रांजणाचं."

"फिरवते."

बानाबाई तिथंच सारवलेल्या जमिनीवर आडवी झाली. भारत शेरडं सोडायला निघाला, पण कुठं न्यायची ते त्याला कळेना, म्हणून दावं हातात धरून उभा राहिला. अंबिकेनं दिव्यावरून नजर न काढता त्याला हळूच सांगितलं, सासू जागी होऊ नये अशा बेतानं, "पावसापातूर माझ्या बापाकडं न्या. मी फोन केलाय. चारा हाये तिथं."