तपकिरी बाटलीतली चांदी

सेनगाव तालुक्यातल्या एका कनिष्ठ महाविद्यालयात मी रसायनशास्त्र शिकवते. बारावीला क्षार ओळखायचे प्रयोग असतात. मिठाच्या पाण्यात सिल्व्हर नायट्रेटचे दोन थेंब टाकले की परीक्षानळीत दह्यासारखा पांढरा साका धरतो. ते सिल्व्हर क्लोराईड. नळी उन्हात ठेवली तर साका आधी जांभळट होतो, मग काळवंडतो. अमोनिया घातला की विरघळून पाणी नितळ दिसायला लागतं. पोरांना ते फार आवडतं.

सिल्व्हर नायट्रेट महाग, छोटीशी बाटली वर्षभर पुरवायची. म्हणून नळ्यांत उरलेलं मी मोरीत ओतू देत नव्हते, एका तपकिरी बाटलीत जमवत होते. कधीतरी त्यातून चांदी वेगळी काढून पोरांना दाखवायची, असं मनात होतं. त्या बाटलीत साका गेला, तसं अमोनियाचं पाणीही गेलं. ते पाणी साठवून ठेवायचं नसतं, त्यातून स्फोटक पदार्थ तयार होतो, हे मी एम.एस्सी.ला असताना वाचलं होतं. वाचलं आणि विसरले.

प्रयोगशाळेचे परिचर जवळच्या गोरेगावहून जीपनं यायचे. आम्ही सगळे त्यांना मामा म्हणायचो. उन्हाळ्याची सुट्टी संपली तशी त्यांनी बाटल्यांच्या मांडणीच्या फळ्या पुसायला काढल्या. ती बाटली पार आटून गेली होती, तळाला काळी खपली धरली होती. त्यांनी ती धुवायला घेतली आणि काचेच्या कांडीनं खरवडली.

मी शेजारच्या वर्गात होते. टायर फुटावा तसा आवाज झाला. धावत गेले तर मामा फरशीवर बसलेले, दोन्ही हात तोंडावर, बोटांमधून रक्त.

"मॅडम, कोन्या लेकराला लागलं का?" त्यांनी विचारलं.

खोलीत दुसरं कुणीच नव्हतं.

हिंगोलीच्या डॉक्टरांनी बघितलं आणि लगेच नांदेडला न्यायला सांगितलं. डावा डोळा काढावा लागला.

चौथ्या दिवशी प्राचार्यांनी अहवाल पुढे ठेवला. परिचरानं चष्मा न लावता, विचारल्याशिवाय बाटली हाताळली, असं त्यात लिहिलं होतं. संस्थेला त्रास नको, तुमची नोकरी अजून कायम व्हायचीय, असं ते समजुतीनं म्हणाले. मी सही केली. चष्मा आम्ही त्यांना कधी दिलाच नव्हता.

महिन्यानं गोरेगावला गेले. मामा बाजेवर बसले होते, डोळ्यावर पट्टी. त्यांच्या बायकोनं पाणी दिलं आणि दाराशी उभी राहिली. माझं काही बोलणं व्हायच्या आतच मामा म्हणाले, "म्या जोरात खरवडली, मॅडम. चूक माझीच व्हय."

तेवढ्यावर उठून आले असते तरी चाललं असतं. पण मला राहवेना. मी म्हणाले, "न्हाई मामा. त्या बाटलीत अमोनिया राहिला होता. तो मी राहू दिला. तुमी काय, कुणीही हात लावला असता तरी हेच झालं असतं."

दाराशी उभी असलेली त्यांची बायको म्हणाली, "मंग कागदावर तसं काहून न्हाई लिवलं?"



दुसऱ्या दिवशी मी सगळं खरं लिहून प्राचार्यांना दिलं. त्यांनी वाचलं, घडी घातली, ठेवून दिलं. पुढे दोनदा विचारलं, तेव्हा अहवाल वर गेलाय, आता बदलता येत नाही, एवढंच ऐकायला मिळालं. त्या पत्राची प्रत मी मामांना नेऊन दिली. त्यांनी ती वाचायला बायकोकडे दिली.

मामांना आता फाटकाजवळ घंटा द्यायच्या कामावर बसवलंय. प्रयोगशाळेत ते पाय ठेवत नाहीत. मी फाटकातून आत आले की सबंध मान वळवून माझ्याकडे बघतात आणि नमस्कार करतात. गोरेगावच्या बाजारात त्यांची बायको दिसते, ती बोलत नाही. तिचं काही चुकतं असं मला वाटत नाही.