वाटसरूचं पान

काका माणसाचं तोंड नंतर बघायचे, आधी पाय. तुम्ही कितीही कडक इस्त्री करून जा, त्यांची नजर खाली. मग ठरलेला प्रश्न, "पोटात काय हाय का रे?"

धसईला मी शाळेत शिकवायचो तेव्हा ते आमचे शेजारी. त्यांचे वडील तरुणपणी ब्रह्मदेशात, रंगूनला लाकडाच्या वखारीत कामाला होते. महायुद्धात शहरावर बॉम्ब पडले आणि ते लोकांबरोबर रानावनातून पायी निघाले. इकडे घरच्यांनी वाट पाहून पाहून आशा सोडली आणि सर्वपित्री अमावास्येला त्यांच्या नावाचं पान वाढलं. कावळा काही शिवेना. सगळे हवालदिल. तेवढ्यात सुजल्या पायांचा एक दाढीवाला अंगणात आला आणि सरळ त्या पानावर बसला.

"कावल्याच्या आधी बाबाच आला! सोताचं जेवण सोताच जेवला." काका तेव्हा जन्मलेही नव्हते, पण डोळे पुसत, हसत असे सांगायचे की जणू वाढायला तेच होते.

वाटेत अनोळखी लोकांनी घास घातले म्हणून बाबा जगला. तेव्हापासून त्या घरात अमावास्येचं पान दमलेल्या वाटसरूचं. पण आता चालत येतो कोण? ज्याच्या त्याच्या बुडाखाली मोटारसायकल. त्यातून पितरांचं पान म्हटलं की लोक काढता पाय घेणार. एका वर्षी काकांनी मुरबाडच्या एसटीचा कंडक्टरच उतरवून घेतला. "दिसभर उभा असतो, त्याचे पाय काय कमी दुखतात?" प्रवासी ओरडू लागले, तर खिडकीतून त्यांना वडे दिले. मग कोणालाच घाई राहिली नाही.

काकांना घोर एकच. "माज्यामागं पान रिकामं राहील रे. पोरगा कल्याणला, सून एकटी. तिला कुठं जमणार?" ऐकून मला वाईट वाटायचं.

काका जाऊन दोन वर्षं झाली. मी आता शहापूरला असतो. यंदा त्या दिवशी मुद्दाम निघालो, तर एसटी वाटेतच बंद पडली. तुटकी चप्पल हातात घेऊन, चिखल तुडवत धसईत शिरलो. रस्त्यावर सून उभी होती, अगदी काकांच्या जागी.

तिनं माझ्या तोंडाकडे पाहिलंच नाही.

"पोटात काय हाय का, दादा?" आणि मग मान वर करून, "अगो बाई, सर तुमी! चला, पान वाढलंय."

मी पाय धुतले आणि पानावर बसलो.